राजीनामा देणार नाही

आमच्या घरात आजवर कुणीही न वाचता सही केलेली नाही. गॅसच्या सिलिंडरची पावती असो, सोसायटीचं परिपत्रक असो, नाहीतर शाळेच्या सहलीचं संमतीपत्र. बाबा चष्मा लावणार, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणार, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढणार, त्या लाल पेनाने दुरुस्त करणार आणि मग सही करणार. सिलिंडरवाला तोवर तिसऱ्या मजल्यावर घाम पुसत उभा. एकदा तो बिचारा म्हणाला, "काका, नंतर वाचा की निवांत." बाबा म्हणाले, "आपण सिलिंडर नंतर आणा, मी सही नंतर करीन." जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. ते निवृत्त झाले, पण आम्हाला काही सुट्टी लागली नाही.

हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं मूळ या घरात आहे, एवढं तरी मान्य व्हावं.

मी सैन्यात आहे. जवान. हा 'जवान' शब्द पुण्यात मला दर वेळी दोनदा सांगावा लागतो. सुट्टीवर आलो की जिन्यात कुणीतरी गाठतंच. "अरे वा, सैन्यात! म्हणजे ऑफिसर." नाही काका, जवान. "हो हो, पण पुढे ऑफिसर." नाही हो, जवानच. मग समोरून "असं होय" येतं. आमच्या पेठेत "असं होय" म्हणाले की तुमची फाईल बंद झाली असं समजायचं. नंतर तोच गृहस्थ बाबांना गाठून विचारणार, "इंजिनिअरिंगला नव्हता का हो मिळत प्रवेश?" वैताग नुसता.

मी बी.कॉम. झालो, एका कंपनीत वर्षभर खुर्चीत बसलो आणि भरतीला जाऊन पळून आलो. पळून म्हणजे धावण्याच्या परीक्षेत पास होऊन. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "विचार करून ठरवलंस?" हो म्हटलं. "बरं. कुणाचा?"

बघा, हे असं. आमच्याकडे आजोबा कीर्तनकार, बाबा मास्तर, काका वकील, आणि आई या तिघांनाही बोलण्यात गुंडाळून ठेवील अशी. जेवायला बसलो की कढीत मीठ कमी आहे यावर पाऊण तास चर्चा, आणि मीठ आणायला कुणी उठत नाही. मला या बोलण्याचा मनापासून कंटाळा आला होता. आयुष्यात एकदा तरी तोंड बंद ठेवून काहीतरी अवघड करून दाखवायचं होतं. भरती होण्यामागे देशभक्ती वगैरे होती, नाही असं नाही. पण खरं कारण हे.

प्रशिक्षण केंद्रात पहिल्याच महिन्यात कळलं की माझी भाषा मला तिथे सुखाने जगू देणार नाही. आमचे उस्ताद ओडिशाचे. मी दोरावर अर्ध्यात लोंबकळतोय, हाताची सालटं निघालीत, आणि उस्ताद खालून ओरडतायत, "चेष्टा करो! चेष्टा करो!" माझं डोकंच सटकलं. मी वरून ओरडलो, "चेष्टा कौन कर रहा है उस्ताद? मैं मर रहा हूँ इधर!" त्यांच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला कोण सांगणार? त्या दिवशी मी मैदानाला कोपरांवर रांगत किती फेऱ्या घातल्या ते मोजलं नाही. प्रयत्न मात्र भरपूर झाला.

तिथून पलटणीत गेलो. पहिल्याच दिवशी सुभेदारसाहेबांनी तीन प्रश्न विचारले. पुण्याचा? ग्रॅज्युएट? कॉम्प्युटर येतो? मी मूर्खासारखं तिन्हींना "जी साहब" म्हणालो आणि माझं सैनिकपण तिथेच आटोपलं. सकाळी पी.टी. झाली की बाकीचे हत्यारं घेऊन मैदानात, मी ऑफिसात. दिवसभर सुट्टीचे दाखले टाईप करायचे. दुसऱ्यांच्या सुट्टीचे! ज्या खुर्चीतून उठून मी पळालो होतो तीच खुर्ची हिरवा रंग देऊन परत दिली होती. फोनवर बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे, मग आपल्या पेठेत काय वाईट होतं? इथे डबा तरी घरचा होता."

पलटणीत मला जीव लावणारा एकच माणूस होता. लोणी काळभोरचा. उसाच्या रानात वाढलेला, खांदे दाराएवढे. नावाने आम्हाला कुणी हाक मारायचंच नाही. मी 'पूना' आणि तो 'लोनी कालभोर'. हिंदीवाल्यांनी त्याच्या गावाचा ण पण मारला आणि ळ पण मारला. मी दर वेळी सुधारायचो. तो म्हणायचा, "म्हनू दे की लेका. गाव काय त्यानं हालतंय व्हय?"

एके दिवशी स्पेशल फोर्सेसची तीन माणसं आमच्या पलटणीत आली. त्यांच्या तुकडीत यायची कुणाची तयारी आहे का, हे विचारायला. मरून रंगाची टोपी घालणारी ती माणसं. त्यातला एक जण बुटका, सडपातळ, मंडईत गर्दीत उभा केला तर हमाल त्याला बाजूला सरकवतील असा. आमच्या पोरांनी त्याला वीस प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांना मिळून चार उत्तरं दिली. हाँ. नहीं. पता नहीं. आके देख लो. मी जन्मात इतकं कमी बोलणारा माणूस पाहिला नव्हता. मला भुरळच पडली. म्हटलं, हेच. मला हेच व्हायचंय.

आमच्या पलटणीतून दरवर्षी दोघांनाच सोडत. वयाचीही अट होती. माझ्या आणि लोणीकराच्या हातात हे वर्ष आणि फार तर पुढचं, त्यानंतर दार बंद. आम्ही दोघांनी नावं दिली. सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, हो म्हणाले. मला तर आनंदाने जेवण गेलं नाही.

तयारी करायला सुट्टी घेऊन घरी आलो. आईला सांगितलं की निवड झाली तर मरून टोपी मिळते. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "काय टोपी?"

"मरून."

"कुणी मरून? असलं अभद्र घरात बोलायचं नाही."

"अगं, रंग आहे तो. मरून रंग."

"मग डाळिंबी म्हण. मराठीत शब्द आहे त्याला." बाबा आतून म्हणाले, "बरोबर आहे तिचं." झालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगत होतो, आणि अर्धा तास चर्चा रंगली ती मरून आणि डाळिंबी यांतल्या फरकावर.

पाठीवर वजन घेऊन पळायचा सराव हवा होता. पिशवीत वाळू भरली तर ती जिन्यात सांडली, तळमजल्यावरून तक्रार आली. आई म्हणाली, वजनच पाहिजे ना, मग मंडईतून बटाटे आण. वीस किलो बटाटे पाठीवर टाकून मी रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढायचो, उतरायचो, परत चढायचो. पर्वतीवर फिरायला येणारी मंडळी म्हणजे काय विचारता! एक टोपीवाले आजोबा काठी आडवी धरून म्हणाले, "अहो, एवढी घाई होती तर घरातून लवकर निघायचं." दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक बटाटा घरंगळला. तो त्यांनी उचलून दिला. "घरपोच करता का?" मी काहीच बोललो नाही. फार अवघड गेलं, पण बोललो नाही. आठवडाभराने ते बटाटे ठेचकाळून मऊ पडले आणि मग आम्ही सगळे बटाट्याची भाजी, बटाट्याचा कीस, बटाट्याचे परोठे खात बसलो. बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "देशसेवा आम्हीही करतोय."

जाताना बाबा स्वारगेटला सोडायला आले. गाडी हलायच्या आधी म्हणाले, "नाही जमलं तर?"

"परत पलटणीत. टायपिंग."

"हं." एवढंच. शुद्धलेखन नाही, टोमणा नाही. मला कसंतरीच झालं.

आता तो गाढवपणा सांगतो.

आमचे हेड क्लार्क पंजाबकडचे, पोट सुटलेले, मनाने लोण्यासारखे. त्या आठवड्यात मी त्यांच्या नोटीसबोर्डाशी एक उद्योग करून ठेवला होता. सीओसाहेबांच्या सहीची एक हिंदी नोटीस लागली होती आणि तीत 'स्थिति' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. माझ्याने बघवेना. मी लाल पेनाने त्याचं 'स्थिती' केलं. पुढे 'शांति' होतं, त्याचंही 'शांती' केलं. लोणीकर शेजारी पेनाचं टोपण धरून उभा होता. हिंदीत ते शब्द ऱ्हस्वच लिहितात, आपल्याकडे दीर्घ, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सीओसाहेबांचं बरोबर असलेलं हिंदी मी लाल शाईने चूक करून ठेवलं, आणि वर ऐटीत निघून आलो.

दोन दिवसांनी हेड क्लार्कसाहेबांनी खिडकीतून हाक मारली. "ओए पूना! तुम दोनों का राज़ीनामा चाहिए। लिख के दो, शाम तक।"

मी खिडकीला चिकटलो. "किसलिए, साहब?"

"सीओ साहब ने माँगा है।" आणि ते फोनवर बोलायला लागले.

मी धावत लोणीकराला गाठलं. जवानाला राजीनामा देता येतो की नाही, हेसुद्धा आम्हाला धड ठाऊक नव्हतं. पण सीओसाहेबांनी मागितलाय म्हटल्यावर संपलंच. त्याचा चेहरा उतरला. "त्या नोटिशीपायी असंल. आरं पर मी तर निस्तं टोपन धरलं व्हतं!" मग त्याने मांडीवर मूठ आपटली. "देऊ नगं. अजिबात देऊ नगं. आपून सही केली की घरी घालवत्यात बग. मागत्यात तर मागू दे."

मला तर स्फुरणच चढलं. चूक झाली असेल तर रगडा द्या, पगार कापा. राजीनामा कसला मागता? मी परत खिडकीशी गेलो आणि ताठ उभा राहून म्हणालो, "साहब, हम दोनों राजीनामा नहीं देंगे।"

हेड क्लार्क चकित झाले. "नहीं दोगे? पक्का? सोच लिया?"

"सोच लिया, साहब।"

"अरे, कल तक तो बड़े उछल रहे थे।" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मला वाटलं, बघा, यांनाही अन्याय कळतोय. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तरी वाचलो असतो. पण पुण्याचा ना मी! म्हटलं, तोंडी नको, लेखी देतो. बसलो आणि माझ्या सुंदर अक्षरात अर्ज लिहिला: सविनय निवेदन है कि हम दोनों राजीनामा देने को तैयार नहीं हैं। न आज, न आगे कभी। यह निर्णय हमने सोच-समझकर लिया है। खाली दोन सह्या. पोच म्हणून त्यांचा शिक्का मारून घेतला. तीनदा वाचला होता अर्ज. एकही चूक नव्हती.

पुढच्या आठवड्यात यादी लागली. स्पेशल फोर्सेसच्या निवडीसाठी आमच्या पलटणीतून दोन जण निघाले होते. ते दोन जण आम्ही नव्हतो.

सीओसाहेबांसमोर उभे राहिलो तेव्हा टेबलावर माझाच अर्ज होता. ते म्हणाले, "तुम दोनों ने खुद लिख के दिया। राज़ी नहीं।" मी म्हटलं, साहेब, आम्ही तर नोकरी सोडायला नकार दिला होता. शेजारी उभ्या हेड क्लार्कनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्यांच्या भाषेत राज़ीनामा म्हणजे मी राजी आहे, असं लिहून देणं. संमती. त्यांना आमच्याकडून एवढंच हवं होतं की आम्ही आपखुशीने जातोय. आम्ही शिक्क्यासकट नाही म्हणालो होतो. न आज, न आगे कभी!

सीओसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या वर्षी परत नाव द्या म्हणाले, आणि तोवर रोज संध्याकाळी हेड क्लार्ककडे हिंदीची शिकवणी. वर्षभर आम्ही दोघे घोडे त्यांच्यासमोर बसून 'मेरी प्रिय ऋतु' वर निबंध लिहीत होतो. लोणीकराने प्रत्येक निबंधात ऊसतोडणी घातली.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, धीर देतील. म्हणाले, "फारसी शब्द आहे तो. मुळात त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे माणूस सोडायला राजी झाला की राजीनामा म्हणायला लागले."

"अहो बाबा! वर्ष गेलं माझं!"

"ते कळलं. पण पुढच्या वेळी अर्थ विचारायचा. विचारायला लाज कसली?" मी फोन ठेवला. इतका संताप आला होता, आणि तो बाबांवर नव्हता हेही कळत होतं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघेही गेलो. ही शेवटची संधी. मला होती तशी त्यालाही. एक वर्ष त्याने माझ्या लाल पेनामुळे आणि अर्जामुळे घालवलं होतं, पण कधी शब्दाने बोलून दाखवलं नाही.

त्या निवडीच्या तीन महिन्यांबद्दल लोक मला फार विचारतात. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. झोप नाही, भूक लागलीय की उलटी होणार आहे ते कळत नाही, आणि पाठीवरचं ओझं कधी उतरत नाही. तिथे कुणी कुणाला हाकलत नसे, याचाच जास्त वैताग. कडुलिंबाखाली एक खुर्ची ठेवलेली. शेजारी चहाची किटली. ज्याला पुरे झालं त्याने त्या खुर्चीत जाऊन बसायचं, गरम चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. कुणी रागावणार नाही, कुणी नाव ठेवणार नाही. तगडी तगडी पोरं त्या चहाला भुलली. ती खुर्ची उचलून विहिरीत टाकावी असं मला रोज वाटायचं.

सातव्या आठवड्यात माझ्या डाव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग नुसतं उभं राहिलं तरी. दर रविवारी डॉक्टर रांगेतून विचारत जायचे, कोई तकलीफ? मी म्हणायचो, नहीं साहब. सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथेच थांबवलं असतं, आणि थांबलो की कायमचं संपलं. लोणीकराने दोनदा विचारलं, "लंगडतुयास का रं?" मी म्हटलं, बूट चावतोय. त्याने स्वतःचे जाड मोजे काढून दिले. मी घेतले.

आणि खरं सांगू? मी स्वतःवर खूश होतो. दात आवळून गप्प बसता येतं मला! आमच्या घराण्यात हे कुणाला जमलं नव्हतं. पलटणीत आला होता तो बुटका उस्ताद तिथेच होता, आणि मला वाटायचं, आता मी त्याच्यासारखा झालो.

शेवटून दुसऱ्या आठवड्यात लांब पल्ल्याची चाल होती. चौघांची टोळी, प्रत्येकाच्या पाठीवर ओझं, आणि वेळ धरायची ती शेवटच्या माणसाची. आमच्या टोळीत आम्ही दोघे, एक गढवाली, एक तमिळ. पहाटे निघालो. ऊन चढेपर्यंत आम्ही बरेच पुढे होतो. लोणीकर तर गुणगुणत होता. मग एक कोरडी नदी लागली, सगळे गोटे. त्या गोट्यांत माझ्या पायातून कट् असा आवाज आला. चौघांनीही ऐकला. मी उठायला गेलो आणि पाय माझा राहिलाच नव्हता.

तिथून सडक दोन तासांवर. माझं ओझं लोणीकराने स्वतःच्या ओझ्यावर चढवलं. मग आळीपाळीने मला पाठीवर घ्यायचं ठरलं, पण गढवाली आणि तमिळ गडी लहान चणीचे. जास्त वेळ मी त्याच्याच पाठीवर होतो. मी म्हणत होतो, मला इथेच ठेवा, तुम्ही पुढे जा. "गप बस," एवढंच तो म्हणायचा. त्याच्या मानेवरचा घाम माझ्या तोंडात जात होता. सडकेवर पोचलो तेव्हा वेळ संपून गेलेली.

बुटका उस्ताद घड्याळ हातात घेऊन उभा होता. त्याने माझा पाय बघितला. "कब से?"

"चार हफ्ते, उस्ताद।"

"किसको बताया?"

"किसी को नहीं।"

तो जेवढं बोलला तेवढं मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. "तू समझता है ये बहादुरी है? बता देता तो तेरे बिना तीन जाते, टाइम पे आते। यहाँ कम बोलते हैं, छुपाते नहीं। तेरे जैसा चुप आदमी बाकी तीन को मरवा देता है।" आणि तो वळून गेला. मी ते पाठ करून ठेवलंय. विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

बाकी तिघांना एक दिवस मध्ये टाकून परत त्याच चालीवर सोडलं. गढवाली आणि तमिळ वेळेत आले. लोणीकराची कंबर मला वाहून धरली होती. थोडक्यात हुकला. थोडक्यात! तो सगळ्यांत तगडा होता. माझं ओझं त्याने उचललं नसतं तर तो गाणं म्हणत पोचला असता.

मी प्लॅस्टरमध्ये पाय घेऊन पुण्यात तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. घरी एवढंच सांगितलं की चालीत पाय मोडला. आईने डिंकाचे लाडू केले. बाबांनी एक टोमणा मारला नाही. उलट जिन्यात कुणी विचारलं की सांगायचे, "शेवटून दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला हो. नशिबाने घात केला." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याबद्दल अभिमानाने बोलत होते, आणि मी आतल्या खोलीत ते ऐकत लाडू खात होतो. मला माझी किळस यायची, पण तोंड उघडायचो नाही.

तीन आठवड्यांनी लोणीकर आला. सुट्टीवर होता. स्वारगेटला उतरून चालत आला होता, हातात घरच्या वांग्यांची पिशवी. आई म्हणाली, अहो कशाला आणलंत. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काकू, रानातलीच हायत." खुर्चीत बसताना त्याने कमरेला हात लावला, ते मी बघितलं.

बाबांनी चहा पुढे केला. ते त्याला आपण म्हणत होते. "आपलं झालं ना हो निवडीचं? याचं तर राहिलं."

मी प्लॅस्टरकडे बघत राहिलो. लोणीकर बशीत चहा ओतत होता. वर न बघता म्हणाला, "न्हाई काका. माझाबी पायच दुखावला व्हता वो. दोघांचं बी नशीब."

"अरेरे," बाबा म्हणाले. "दोघांचाही पायच?"

"व्हय. गोटं लई वाईट तिथलं."

इतक्या सहज बोलला. वर्ष माझ्यापायी घालवलं, पाठ माझ्यासाठी मोडली, आणि आता माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर, माझी लाज झाकायला खोटं बोलत बसला होता. मला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलतोय तो, बाबा," मी म्हणालो. "त्याच्या पायाला काही झालं नव्हतं."

बाबांनी चष्मा काढला. लोणीकराने बशी खाली ठेवली आणि मला डोळ्यांनी दटावलं. "गप की लेका. काका ऐकत्यात."

"ऐकू देत," मी म्हणालो, आणि ती डॉक्टरांची रांग, ते मोजे, ती नदी, सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.